लागलेल्या खिरीचा नैवेद्य

देवीवर माझा राग होता, हे आधीच सांगून टाकते. सरावलीच्या वळणावर मी ह्यांच्या स्कूटरवरून पडले. डोक्याची जखम भरली, पण वास गेला तो गेलाच. डॉक्टर म्हणाले, "नाक नुसता दरवाजा आहे हो. वास ओळखणारा आत मेंदूत बसतो, आणि मधली वाट दुखावली आहे. येईल परत, नाहीतर नाहीही येणार." घरी येताना हे म्हणाले, "म्हणजे तुझं एवढं मोठं नाक आता फक्त चमकीपुरतं!" पाडणाऱ्यानेच थट्टा करावी, तरी मी हसले.

ते हसू फार दिवस पुरलं नाही. चव म्हणजे निम्म्याहून जास्त वासच असतो, हे मला पन्नाशीला कळलं. जिभेला गोड-खारट तेवढं समजायचं. दारातल्या झाडाचा चिकू खाल्ला तर ओली, गोड वाळू चघळल्यासारखं वाटे. सुका बोंबील आणि मोगरा मला सारखेच. न्हाऊ घातलेल्या नातीच्या टाळूला नाक लावलं, तर कापडाच्या बाहुलीला लावल्यासारखं झालं. त्या दिवशी मोरीतच बसून रडले. जेवताना सगळे न चुकता म्हणायचे, "छान झालंय." एकदा मागल्या दारी कुत्र्यापुढे अख्खी आमटी ओतलेली दिसली, तेव्हा समजलं की ही मंडळी मला जपण्यासाठी खोटं बोलतायत. स्वतःचं नाक नाही आणि दुसऱ्याच्या बोलण्यावर भरवसा नाही. असं जगून तरी काय करायचं, हा विचार मग वरचेवर यायला लागला.

नवरात्रात अष्टमीला आमच्याकडे महालक्ष्मीला खिरीचा नैवेद्य असतो. नैवेद्य चाखायचा नसतो, म्हणून सासूबाईंनी मला तो वासावर करायला शिकवला होता. त्या वर्षी सून म्हणाली, "आई, मी करते ना." मी हट्टाने नको म्हटलं. सगळे देवीच्या दर्शनाला गेले. मी खीर गॅसवर ठेवली आणि देवघरात जाऊन भांडत बसले. "फुलं तुला, धूप तुला. मला काय?" परत आले तर शेगडी विझलेली. रागाच्या भरात नीट पाहिलंही नाही, वाऱ्याने विझली असेल म्हणून काडेपेटी उचलली.

"बय, काडी नको ओढू!"

मागल्या दारात एक अनोळखी बाई उभी होती. ती सरळ आत आली, काडेपेटी हिसकावून घेतली, शेगडी बंद केली, खिडक्या उघडल्या. खीर उतू जाऊन आच विझली होती आणि गॅस घरभर पसरला होता. बाई तलासरीकडची, झरी गावची. जवळच्या चिकूच्या वाडीत कामाला असलेल्या लेकीकडे निघाली होती, आणि वाडीचं फाटक समजून आमच्याकडे शिरली होती.

"आमच्याकडं गॅस नवीनच आलाय," ती म्हणाली. "भ्या वाटतं, म्हणून वास लगेच कळतो. तुला नाय आला?"

"मला कसलाच येत नाही गं."

मी खालीच बसले. मग विचारलं, "खीर कशी झालीय, बघतेस?"

तिने पातेल्यावर वाकून नाक मुरडलं. "करपली, बय. खाली चांगलीच लागलीय."

अपघातानंतर पहिल्यांदाच कुणी मला खरं सांगितलं होतं. मला रडू फुटलं. "मग देवीला कशी दाखवू?"

"तिला ठावं हाय ना, तुला वास नाय ते."

मी तीच खीर देवीपुढे ठेवली. हात जोडले, पण मागायचं काही सुचेना. मग आम्ही दोघींनी प्रसाद खाल्ला. ती तोंड वाकडं करून, मी अगदी चवीने. तिला लेकीच्या वाडीच्या फाटकापर्यंत पोचवून आले. आमच्या आडवाटेच्या मागल्या दारात ती नेमकी त्या क्षणी कशी आली, याचा मी कीस काढत नाही.

वास अजून आलेला नाही, बहुधा येणारही नाही. स्वयंपाक करताना सुनेला शेजारी बोलावते, खरं तेच सांग म्हणून तिला बजावलंय. "आई, करपतंय," असं ती आता तोंडावर सांगते, आणि मी आच कमी करते. तरी एखाद्या संध्याकाळी ते रितेपण पुन्हा अंगावर येतं, जीव नकोसा होतो. तेव्हा देवीपुढे बसून एवढंच म्हणते, "आई, मला कळत नाही. तुला कळतंय ना? मग झालं."