मी न लिहिलेल्या चार ओळी

काल पंप बंद करायला विसरलो. टाकी भरून वाहिली आणि शेजारच्या काकींची वाळत घातलेली आमसुलं पाण्यात पोहू लागली. काकी काही बोलायच्या आत मी म्हणून मोकळा — लायटीचो घोळ, काकी, बटणच अडाकला. बटण कसलं अडकतंय! पण खोटं इतक्या सफाईने तोंडातून निघालं की माझा मीच चपापलो. ही सफाई जुनी आहे. ती कुठे कमावली, हे मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. कालपर्यंत बायकोलाही नाही.

मी मालवणात घरी बसून पणजीच्या एका कंपनीसाठी प्रोग्राम लिहितो. काजू कारखान्यांची खरेदी आमच्या सर्व्हरवरून चालते. तुम्हाला एवढंच कळलं तरी पुरे — डेटाबेसची कनेक्शनं मोजकी असतात, लॉजच्या चाव्यांसारखी. पर्यटक चावी खिशात घालून निघून गेला, की खोली रिकामी असूनही कुणाला देता येत नाही. प्रोग्रामचा एखादा भाग काम संपून मोडीत निघाला, की सर्व्हर त्याला आधी हाक मारतो — घेतलेलं परत कर, मग जा. त्या हाकेला ओ देणारी मेथड — कोडाचा छोटा तुकडा — मी लिहायची होती. लिहिलीही — नाव दिलं, कंस उघडला, कंस मिटला. मध्ये काहीच नाही. चार ओळींचं काम! नंतर बघू म्हटलं. माझ्यासारख्या अनुभवी माणसाने झाडलोट करायची?

ऐन हंगामात चाव्या संपून सर्व्हर रोज तुंबू लागला. तो सांभाळायची दोडामार्गची फिलोमिना. पहिल्या बसने पणजी गाठायची आणि कारखाने उघडायच्या आत तो बंद करून पुन्हा चालू करायची — दारात सडा घालावा तसं, रोज. दुपारी पुन्हा तेच. कारखान्याच्या गेटवर टेम्पोंची रांग, फोनवर शिव्या. त्या तिनेच खायच्या. एकदा तिने हळूच विचारलं, "सर, तुमच्या कोडात कनेक्शनां बंद होतत मां?"

मी दुखावल्याचा आव आणला. फोन ठेवला आणि कोड उघडून पाहिला. कंस. मध्ये काहीच नाही.

मग का नाही बोललो? चुकलो म्हणायला कितीसा वेळ लागतो? मीटिंगमध्ये साहेबांनी कारण विचारलं आणि मी — किती शांतपणे! — म्हणालो, सर्व्हरची मांडणी कुणा जाणकाराकडून तपासून घ्या. जाणकाराकडून! फिलोमिना स्क्रीनवरच्या तिच्या चौकोनातून बघत होती.

साहेबांनी तिच्याकडून सर्व्हर काढून घेतला. मग मी त्या चार ओळी लिहिल्या, इतर बदलांत दडवल्या, वर शेरा मारला — किरकोळ सुधारणा. सर्व्हर सुतासारखा सरळ झाला. शाबासकी तिच्या जागी आलेल्याला, ठपका कायमचा तिला. पुढे तिने नोकरीच सोडली. आता दोडामार्गात कॉम्प्युटरचे क्लास घेते — आणि मला अजून 'सर' म्हणते.

राग येतो. पण कुणाचा म्हणून येणार? आळस एक वेळ समजतो. ती मीटिंग मात्र — ती मी शुद्धीवर असताना केली.

काल जेवताना बायकोला हे सगळं सांगितलं. ती वाढायची थांबली नाही. भात वाढून झाल्यावर म्हणाली, "नाताळाक फिलोमिना गोड नेवऱ्यांचो डबो घेवन इल्ली. तुमी परत मागून खाल्लास."