आखणीवाली

दुष्काळात कळंबजवळच्या माळावर पाणी अडवायचे चर आखायला मी सरकारी नोकरीत नवाच लागलो होतो. जमिनीचा उतार मोजायच्या दुर्बिणीला डोळा लावला की स्वतःला मोठा इंजिनिअर समजायचो. मजुरांतली एक बाई माझी मोजपट्टी धरून उभी राहायची. बोलायची कमी, पण मी चुन्याची रेघ मारली की वाकून, एक डोळा मिटून ती न्याहाळायची.

एकदा चर खणून होत आला आणि ती म्हणाली, "साहेब, ह्यो उतरता झालाय. पाणी एकीकडंच जमंल अन् बांध फोडंल."

"बाई, तुम्हाला काय कळतंय त्यातलं?" मी खेकसलो.

तिनं स्वतःची पिण्याच्या पाण्याची कळशी उचलली आणि चरात रिकामी केली. कोसभरावरून आणलेलं ते पाणी मुरायच्या आधी सरळ एका टोकाकडं धावलं. मी मुकाट्यानं रेघ पुन्हा मारली, आणि दुसऱ्या दिवसापासून तिला दुर्बिणीतून बघायला शिकवलं.

पुढच्या उन्हाळ्यात शेजारच्या गावच्या कामावर मी दुर्बीण लावत होतो, तेव्हा ती दिसली. मुकादमानं विचारलं, "बाई, खोरं कुठंय तुझं?"

"घरी ठिवलंय," काखेतला चुन्याचा डबा पुढं करत ती म्हणाली, "म्या आखणीवाली हाय."

मी दुर्बिणीपासून बाजूला झालो.