नाचणगावच्या गायकाला भेटायला गेलो होतो

जामच्या चौकात आमचं टायर-ट्यूबचं दुकान होतं. ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं. नागपूरहून हैदराबादकडे जाणारे ट्रक तिथे थांबत आणि त्यांच्याबरोबर नवी गाणी येत. डिस्को, गझला, परदेशात वाढलेल्या पोरापोरींनी गिटारवर म्हटलेली हिंदी गाणी, सगळं आधी ट्रकमध्ये वाजायचं आणि मग आमच्या गावात. पंक्चर निघेपर्यंत मी ड्रायव्हरकडून कॅसेट मागून घ्यायचो, दुकानातल्या टू-इन-वनवर ऐकायचो आणि वहीत आवडत्या गाण्यांचा क्रम लावायचो.

त्या वर्षीचा पहिला नंबर कुठल्याच कंपनीच्या कॅसेटला मिळाला नाही. तो मिळाला एका साध्या कॅसेटला; पुलगावकडून सरकी घेऊन आलेल्या एका ड्रायव्हरने ती मला देऊन टाकली होती. वर शाईने एवढंच लिहिलेलं, ‘दिनकर, नाचणगाव’. एक गिटार, एक ढोलकी, सहा गाणी, तीही आपल्या बोलीत. तोवर मी बोलीतली गाणी ऐकली होती ती लग्नात नाहीतर भजनात. गिटारवर, एकट्या माणसाने, गिरणीच्या भोंग्याबद्दल म्हटलेलं गाणं ऐकलं नव्हतं. त्यातली एक ओळ डोक्यातून जाईना, ‘भोंगा थांबते, मंग पायाचा आवाज येते’.

दिवाळीनंतर मी वडिलांना सांगितलं की दोन दिवस दुकानात नसेन, नाचणगावला एका गायकाला भेटून येतो. मी टू-इन-वन पिशवीत घालत होतो तेव्हा त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. गायकाला त्याचंच गाणं त्याच्यासमोर वाजवून दाखवावं, सही घ्यावी, पुढची कॅसेट कधी येते ते विचारावं, एवढाच माझा बेत होता.

जामहून वर्ध्याला जायचं तर एसटी. सकाळची पहिली गाडी धरावी, म्हणजे बसायला जागा मिळते. चौकातच तर्री-पोहे खाऊन घ्यावेत, कारण वाटेत धड काही मिळत नाही. हा सल्ला आजही चालेल. रस्ता तेव्हा अरुंद होता. दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस आणि ओटी बांधून वाकलेल्या बाया. मांडीवरच्या टू-इन-वनला मी शाल गुंडाळली होती, तरी प्रत्येक खड्ड्यात जीव खालीवर व्हायचा.

मुक्काम नालवाडीला मावशीकडे. कोणत्या नात्यातल्या माणसाला भेटायला चाललास, असं तिने विचारलं. नात्यातला नाही, गाणी म्हणतो, एवढं ऐकून ती भाकरी थापायची थांबली.

“काऊन रे, त्यानं तुले बोलावलं का?”

बोलावलं नव्हतं. मावशीने रिकाम्या हाताने जाऊ नको म्हणून गोरसपाकाचा पुडा आणून ठेवला. गोरसपाक म्हणजे आमच्या वर्ध्याचं तुपातलं खुसखुशीत बिस्कीट. तुम्ही गेलात तर घ्याच, पण पिशवीत सगळ्यात वर ठेवा, नाहीतर घरी भुगा पोचतो.

दुसऱ्या दिवशी वर्ध्याहून पॅसेंजरने पुलगाव. स्टेशनबाहेर सायकलरिक्षा होत्या, पण थंडी होती आणि अंतर थोडं, म्हणून चालतच नाचणगाव गाठलं. गावाच्या तोंडाशी एका किराणा दुकानदाराला गाणेवाल्या दिनकरचं घर विचारलं. त्याने हातातला तराजू खाली ठेवला. मग त्याने बोटाने गल्ली दाखवली आणि विचारलं, “तुमाले मालूम नाई का?”

मला कळलं नाही. की कळलं, पण कळून घ्यायचं नव्हतं, ते आज सांगता येत नाही. दारात पोचलो तेव्हा ओसरीवर एक म्हातारी तूर निवडत होती. आत भिंतीवर हार घातलेला फोटो होता. फोटोतला माणूस माझ्याहून फार तर पाच वर्षांनी मोठा असेल. कॅसेट ट्रकबरोबर शंभर कोस फिरते. बातमी मात्र गावातच राहते. पावसाळ्यात दिनकरला कावीळ झाली होती. झाडपाला झाला, मग दवाखाना झाला, आणि पोळ्याच्या आधीच तो गेला.

मी चप्पल काढून तसाच उभा होतो. म्हातारीने, म्हणजे दिनकरच्या आईने, मला बस म्हटलं. मी कोण, कुठून आलो, हे सांगत गोरसपाकाचा पुडा तिच्यापुढे ठेवला. तिने आत हाक मारली आणि तिची सून पाणी घेऊन आली. प्रमिला तिचं नाव. कपाळ रिकामं. तांब्या ठेवून ती दाराआड जाऊन उभी राहिली.

घरात त्याच्या चार-पाच कॅसेट फडक्यात बांधून ठेवल्या होत्या. पण वाजवायला यंत्र नव्हतं. ज्या मशीनवर गाणी भरली ती पुलगावच्या ऑर्केस्ट्रावाल्यांची होती. तो गेल्यापासून त्याचा आवाज त्या घरात कोणी ऐकला नव्हता. म्हातारीची नजर माझ्या पिशवीवर गेली.

“लाव बाबू,” ती म्हणाली.

मी लावलं. पहिल्या गाण्याला ती निवडतच राहिली, फक्त तिचे हात तुरीच्या त्याच दाण्यांवरून पुन्हापुन्हा फिरत होते. भोंग्याचं गाणं आलं तेव्हा तिने सूप खाली ठेवलं. रडली नाही. प्रमिला दाराआडून बाहेर आली आणि उंबऱ्यावर बसली. सहाही गाणी झाली, कॅसेट थांबली. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणालो, की दिनकरभाऊंनी किती छान शब्द लिहिले होते.

“त्यानं नाई,” म्हातारी म्हणाली. “हिनं लिहले. माह्या पोराले दोन ओळीचं पत्र लिहाचं म्हनलं तं घाम फुटे.”

मी प्रमिलाकडे पाहिलं. वर्षभर ज्या ओळी मी गुणगुणत होतो, त्या लिहिणारी बाई अर्ध्या तासापूर्वी मला पाणी देऊन गेली होती. ती खाली पाहत होती. मग तिने विचारलं, आणि तो प्रश्न बरेच दिवस मनात असावा असं वाटलं.

“भाऊ, एक सांगा. लोकायले त्याईचा आवाज आवडे का माहे शब्द? खरं सांगजा. इथं मले कोनी खरं सांगत नाई, सगळे कीव करते.”

दोन्ही, असं म्हणून सुटता आलं असतं. पण मी ती गाणी इतक्यांदा ऐकली होती की खोटं बोलणं जमेना. मी म्हणालो, भोंग्याचं गाणं कोणीही म्हटलं असतं तरी मला आवडलं असतं. नदीच्या गाण्यात आवाजाने तारून नेलं. आणि शेवटच्या गाण्यातलं तिसरं कडवं मला पटत नाही. सगळं गाणं भरदुपारचं, कापूस वेचणीचं, आणि मधेच चंद्र कुठून आला?

नवरा जाऊन तीन महिने न झालेल्या बाईला मी हे काय सांगत होतो! पण प्रमिलाच्या चेहऱ्यावर हसू आलं. अगदी थोडं, पण म्हातारीनेही ते पाहिलं.

“मलेबी नव्हता पायजे तो चंद्र,” प्रमिला म्हणाली. “त्याईले तिथं लांब तान घ्याची होती. म्हने, चंद्रावर तान चांगली लागते. म्हनून टाकला.”

त्यानंतर ती वही घेऊन आली. न गायलेली सात-आठ गाणी होती. जेवणं होईपर्यंत आम्ही त्यांवरच बोललो. कुठली ओळ लांब होते, कुठे दुसऱ्याच्या गाण्यासारखं वाटतं. झुणका-भाकर वाढताना म्हातारी मधूनच एखादी ओळ पुन्हा वाचायला लावायची.

निघताना टू-इन-वन पिशवीत घालायला उचललं आणि परत ओसरीवर ठेवलं. म्हातारी नको नको म्हणत राहिली, पण हात तिने त्यावरच ठेवला होता.

घरी आल्यावर वडिलांना सगळं सांगितलं. रिकामी पिशवी त्यांनी खुंटीला टांगली. “ऱ्हाऊ दे,” म्हणाले, “दुकानात बिगर गाण्याचंबी पंक्चर निंघते.”

महिन्याभराने पोस्टकार्ड आलं. अक्षर प्रमिलाचं होतं. लिहिलं होतं की वहीत शेवटच्या गाण्यातलं चंद्राचं कडवं काढून पाहिलं आणि गाणं खरंच सुधारलं. ‘पण सासूबाई म्हणाल्या, तो मोठ्यानं गातो तो तिथंच. म्हणून परत ठेवलं आहे. पुढच्या गाण्यात चंद्र नाही ठेवणार.’

मी ते कार्ड दुकानात उभ्यानेच दोनदा वाचलं. शेवटचं वाक्य तिसऱ्यांदा वाचलं.