गच्चीवरून मोजलेली हवा

दव पडताना कोणी पाहिलंय? सकाळी हात लावावा तर कठडा ओला! आमच्या गच्चीवरचे किस्सेही तसेच साचले. कधी, ते कळलंच नाही.

गच्ची म्हणजे जबलपूरच्या एका कॉलेजचं छोटंसं हवामान केंद्र. माणसं तीन. तीस वर्षं आकाश बघत आलेले पिंपळकर काका, खाली केबिनमध्ये तिवारी सर, आणि मी. आधीची नोकरी मी अकरा दिवसांत सोडली होती, कारण तिथे सारखे फोन वाजायचे आणि मी दचकायचे. इथे काहीच वाजत नाही! पण सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "छह महीने सीखिए. फिर एक सुबह सब अकेले करेंगी. मैंने रजिस्टर पर साइन किया तो पक्की, नहीं तो नमस्ते!"

मला ही नोकरी हवी होती. इतकी, की स्वप्नातही मी ढगच लिहायचे.

*

पहिल्या सकाळी चार मजले चढून, धापा टाकत मी झडपांची पांढरी पेटी उघडली. आत दोन थर्मामीटर. एक कोरडा, दुसऱ्याच्या गोळ्याला ओली मलमल. मलमलीतलं पाणी उडतं तसा तो गार होतो, आणि दोघांतल्या फरकावरून हवेतली ओल कळते. नीट दिसावं म्हणून मी नाक अगदी जवळ नेलं. पारा चढायला लागला! मी घाबरले, श्वास आणखी जोरात. पारा आणखी वर!

"काका, उन्हाळा आला!"

काकांनी दंडाला धरून मला मागे ओढलं. "बाई, काहून फुंकून राहिली त्याच्यावर? तो हवेचा नाही, तुझा ताप मोजून राहिला!"

*

दुपारचे कापसासारखे ढग मला फार आवडतात. गरम हवा वर जाते, गार होते, आणि तिच्यातली न दिसणारी वाफ एकदम दिसायला लागते. बस, एवढंच! एकदा अशाच एका ढगाकडे बघत बसले. पेन हातात, रजिस्टर कोरं.

काका आले. "कुठे आहे तुझा ढग?"

वर नुसतं निळं.

"आत्ता होता, काका. खरंच!"

"अच्छा. मग ओमतीच्या बाजारात गेला असेल भाजी आणायला!"

"नाही, इथेच विरला. माझ्यासमोर."

काका वर बघत राहिले. मग म्हणाले, "तीस वर्षं मी ढग येतानाच लिहिले. जाताना कधी पाहिला नाही." आणि खाली चहा गार झाला तरी दोघंही गच्चीवरून हललो नाही.

*

भेडाघाटला गेलो तेव्हा काकांनी मुठीत धरून खुळखुळ्यासारखं गरगर फिरवायचं यंत्र दिलं. त्यातही तेच, एक थर्मामीटर कोरडा, एक ओला. धबधब्याचे तुषार धुरासारखे अंगावर येत होते. मी फिरवलं. दोन्हीवर आकडा एकच! पुन्हा फिरवलं. पुन्हा तोच! यंत्र मीच बिघडवलं, असं वाटून डोळे भरून आले.

"वेडे, इथली हवा आधीच पाण्याने गच्च आहे," काका म्हणाले. "मलमलीतलं पाणी उडणार कुठे? बरोबर आहे आकडा!"

मी डोळे पुसत पुन्हा फिरवायला लागले, तर तान्हं बाळ कडेवर घेतलेली एक बाई थांबली. "दीदी, ये झुनझुना कितने का दिया?"

*

शाळेच्या मुली आल्या तेव्हा बाटलीत ढग करून दाखवायचं काम माझ्याकडे होतं. मी बाटली तीनदा घासली. तळाला थोडं पाणी, वर पंप. हवा दाबून भरायची आणि झाकण झटकन उघडायचं. उघडलं. ठक्! सगळ्यात जास्त मीच दचकले. आणि ढग? नाहीच!

काकांनी काडी पेटवून विझवली, चिमूटभर धूर आत सोडला. पुन्हा पंप, पुन्हा ठक्! बाटली दुधासारखी पांढरी झाली. मुली "हाऽऽ" करून बाटलीभोवती गोळा झाल्या.

काका हळूच मला म्हणाले, "थेंबाला बसायला थोडी धूळ लागते, बाई. एवढी साफसफाई करशील, तर ढगसुद्धा येणार नाही घरी!"

*

मग सगळं एकटीने करायची ती सकाळ आली. जानेवारी, आणि असं धुकं की गच्चीचा पलीकडचा कठडासुद्धा नाहीसा. थर्मामीटर वाचले. राहिली दृश्यता, म्हणजे किती लांबचं दिसतं ते. रोज आम्ही पाण्याची टाकी बघतो, मग टेकडी. त्यांची अंतरं ठरलेली आहेत. आज ना टाकी, ना टेकडी.

पाठीमागे कोणीतरी खोकलं. मी किंचाळले. तिकडूनही किंचाळी आली!

"कौन?"

"मैं, सर!"

"अच्छा... मैं आपका काम देखने आया था. कुछ दिख ही नहीं रहा."

पण किती दिसत नाही, तेच तर लिहायचं होतं! मोजायला काहीतरी हवं. आणि मला माझाच आवाज ऐकू आला, "सर, आप हिलिए मत."

मी त्यांच्याजवळ गेले आणि तिथून पावलं मोजत मागे सरकायला लागले. आठव्या पावलाला मफलरचा रंग गेला. विसाव्याला सर म्हणजे नुसती सावली.

"मैडम, अब आऊँ?"

"नहीं सर! आप अभी दिख रहे हैं!"

एकतिसाव्या पावलाला सर गेले.

खाली येऊन लिहिलं: 'दृश्यता: एकतीस पावलं. खूण: तिवारी सर.' रजिस्टर त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी दोनदा वाचलं. चष्मा पुसला. मग पेन उघडून साइन केली, आणि खाली स्वच्छ अक्षरात लिहिलं:

'सही है. मैं वहीं खड़ा था.'