खोडवा मोडला

सांगलीजवळच्या आमच्या चर्चमध्ये सासूबाई दर रविवारी देवाकडे नवा आशीर्वाद मागायच्या आणि घरी आल्या की आपल्या धाकट्या जावेशी झालेली जुनी भांडणं उगाळत बसायच्या. एकदा माझं डोकंच फिरलं. मी त्यांना म्हटलं,

"आत्या, जुनी खोडं उपटल्याबिगर उसाची नवी लागण हुती व्हय? तुमी तर मनात जुन्याच खोडांचा खोडवा राखलाय!"

बोल वर्मी लागला. पदर खोचून त्या तडक जावेच्या दारात गेल्या. "माझं चुकलं गं," एवढंच म्हणाल्या.

पुढच्या रविवारी प्रभुभोजनाला दोघी एकाच बाकावर बसल्या. गाताना सासूबाईंचा आवाज छपराला भिडला. बाहेर येताच जावेचा हात उंचावत त्या मला म्हणाल्या, "खोडवा मोडला! आता देवाला म्हणावं, रान तयार हाय, कर लागण!"