काकांच्या ढोलकीचा माइक

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनाही नाही. दर रविवारी पापांगीकाराची प्रार्थना होते, तिच्यातसुद्धा मी ही गोष्ट शिताफीने टाळून पुढे जातो — देवाला माहीत असूनही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं त्यातल्या त्यात सोपं.

पुनावळ्यात आमची छोटी ख्रिस्ती मंडळी आहे. दुकानांच्या वरचा एक हॉल भाड्याने घेऊन आम्ही उपासना करतो. मी चाकणला कंपनीत क्वालिटीला, आणि मंडळीच्या बँडचा म्होरक्या — गिटार माझी, आवाजाचा मिक्सरही माझ्याच हातात. पूर्वी आमच्याकडे पेटी आणि ढोलकी असायची. ढोलकी शांतवनकाकांची. जालन्याहून पोटापाण्यासाठी आलेले, कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये हयात घालवलेली, पण रविवारी ढोलकीवर बसले की वय विसरायचे. मला ताल कुणी शिकवला? त्यांनीच, मांडीवर थाप मारून.

मग आम्ही सुधारलो. रावेतच्या सोसायट्यांमधून आयटीतली पोरं यायला लागली, त्यांना इंडी रॉक हवा होता. खरं सांगू? त्यांच्याहून जास्त तो मलाच हवा होता. काळे टी-शर्ट, लांबवर घुमणारी गिटार, हळूहळू चढत जाणारी गाणी, मागे निळे दिवे. रेकॉर्डिंग टाकलं की बघणारे वाढायचे आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं. त्यात ती ढोलकी — वरातीसारखी वाटते, असं कुणीतरी म्हणालं. मी हसलो. हसलो म्हणजे काय, सगळ्यांत मोठ्याने हसलो.

पाळकसाहेब म्हणाले, बँड हवा तसा बदला, पण काकांना उठवायचं नाही. आता काकांना समोर बसवून ‘तुमचं वाजवणं नको’ म्हणायची हिंमत माझ्यात होती का? नव्हती. मग मी काय केलं —

आम्ही सगळे कानात इअरफोन घालून वाजवतो. कुणाच्या कानात काय जाईल आणि हॉलच्या स्पीकरवर काय जाईल, हे वेगवेगळं ठरवता येतं. मी काकांच्या ढोलकीचा माइक त्यांच्या कानापुरता चालू ठेवला. हॉलसाठी बंद. ड्रम आणि गिटारींच्या गलक्यात बिनमाइकची ढोलकी कुणाला ऐकू येणार? काका मात्र डोळे मिटून, रंगून वाजवायचे. लोकांना फक्त त्यांचे हात हलताना दिसायचे. एक-दोन रविवार नाही, हे वर्षभर चाललं.

शेवटी त्यांच्या बायकोने, रूथकाकूंनी, घरी विषय काढला. काका माझ्याकडे आले. "काय रे अनुप, ही म्हणती तुमची ढोलकी ऐकूच येईना. मला तर कानात चांगली येती की."

इथे मला सुधारता आलं असतं. एक बटण तर दाबायचं होतं. मी म्हणालो, "काका, हात हलका पडतोय तुमचा. वय झालं. कानात मी मशीनवर वाढवून देतो, म्हणून तुम्हाला कळत नाही."

काकांनी ते खरं मानलं. पुढच्या रविवारपासून जिवाच्या आकांताने वाजवायला लागले. बोटांना चिकटपट्टी गुंडाळून यायचे. मी बघत होतो. मला लाज वाटत होती — आणि त्या लाजेचाच राग येऊन मी त्यांच्यावर मनातल्या मनात चिडायचो. सोडत का नाही हा म्हातारा?

सोडलं त्यांनी. एका रविवारी साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आयुष्यात काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायला, उभे राहिले. "देवानं हात दिले, देवानंच त्यातलं बळ काढून घेतलं. माझी तक्रार नाही. आता पोरांनी वाजवावं." रूथकाकू पदराने डोळे पुसत होत्या. पाळकसाहेबांनी मला पुढे बोलावलं — काकांच्या हातांवर हात ठेवून प्रार्थना कर, म्हणाले. आणि मी केली. ते सुजलेले हात धरून, माइकवर, गहिवरल्या आवाजात मी देवाकडे त्यांच्यासाठी बळ मागितलं. सगळी मंडळी आमेन म्हणाली.

आता आमचं वाजवणं अगदी स्वच्छ ऐकू येतं, लोक कौतुक करतात. काका मागच्या खुर्चीत बसतात. टाळीसुद्धा वाजवत नाहीत, तालात पडणार नाही म्हणतात. उपासनेनंतर चहाला उभे असलो की माझ्या खांद्यावर हात ठेवून नव्या माणसाला सांगतात, "सगळे माझं मन राखत बसले होते. ह्या एकट्यानं मला तोंडावर खरं सांगितलं."

मी तिथेच उभा असतो. मान हलवतो.