तिकडची माणसं सभ्य असतात

मी गाव सोडलं त्या दिवशी आमच्या अंगणात पालखी नाचत होती, आणि पालखीपुढे जमलेले पुरुष सरपंचांच्या धोतराविषयी जे काही ओरडत होते ते इथे लिहिण्यासारखं नाही.

शिमगा होता. चिपळूणच्या पुढचं आमचं गाव. मुंबईला निघालेली जीप दारात उभी, माझी बॅग टपावर बांधलेली, आई जीपच्या खिडकीशी डोळे पुसत उभी. तिला मला काहीतरी सांगायचं होतं आणि नेमक्या तेव्हाच फाका सुरू झाल्या. घाटावरच्या वाचकांना फाका म्हणजे काय ते सांगायला हवं. शिमग्यात ढोलाच्या तालावर, यमक जुळवून, नाव घेऊन, भर अंगणात ओरडलेल्या शिव्या म्हणजे फाका. ज्याच्या नावाने घालतात त्याने रागवायचं नसतं, उलट कोणी घातल्या नाहीत तर तो वर्षभर खट्टू असतो. आईने डोळे पुसायचं थांबवलं आणि जीपची काच वर सारली.

"कान झाक गो," ती म्हणाली. लहानपणापासून हेच. पालखी आली की पाया पडून घ्यायचं, आणि फाका सुरू झाल्या की आत यायचं, आई खिडकी लावून घेणार. मी सव्वीस वर्षांची होते, फिजिओथेरपिस्ट झाले होते, माणसाच्या शरीरात काय काय असतं ते मला परीक्षेपुरतं पाठ होतं. पण आईच्या लेखी सरपंचांचं धोतर माझ्या कानांसाठी नव्हतं.

बाबा ओटीवर हाताची घडी घालून उभे होते. ते शाळेत गणित शिकवायचे. फाका ऐकताना त्यांचा चेहरा फार गंभीर व्हायचा आणि ओठ तेवढे हलायचे. मला वाटायचं, देवाचं नाव घेतायत.

जीप सुरू झाली तेव्हा काचेच्या वर उरलेल्या फटीतून आईचं शेवटचं वाक्य आत आलं. "तोंड सांभाळून राहा, बाय. तिकडची माणसं सभ्य असतात."

आणि इंग्लंडात मी नोकरीसाठी गेले त्या नॉटिंगहॅमची माणसं खरोखरच इतकी सभ्य निघाली की मी घाबरले. पहिल्याच आठवड्यात बसमध्ये एका बाईंच्या पायावर माझा पाय पडला, आणि सॉरी त्याच म्हणाल्या. हॉस्पिटलात खुबा बदललेले आजोबा पहिलं पाऊल टाकताना घामाने निथळायचे आणि म्हणायचे, "बिट अनकम्फर्टेबल, लव्ह." आमच्याकडे तेवढ्या दुखण्याला अख्खी वाडी गोळा झाली असती. मी आईला फोनवर सांगायचे, "आई, तू म्हणालीस तसंच आहे गं." आई समाधानाने म्हणायची, "मग? मी काय उगाच सांगितलं?"

हळूहळू मीही तशीच झाले. माझं हसणं पूर्वी खळ्यातून पाणंदीपर्यंत ऐकू जायचं, ते आता ओठांपाशीच संपायला लागलं. एकदा हॉस्पिटलच्या दाराला माझा खांदा लागला आणि मी दाराला सॉरी म्हटलं. हे मी फक्त आईला सांगितलं. माझा नवरा विनय पुण्याचा, त्याला फारसं बदलावं लागलं नाही. त्याचे टोमणे मूळचेच हळू आवाजातले होते. आमची मुलगी तन्वी झाली, तिलाही मी पाळण्यापासून "हळू बोल, शेजारी ऐकतील" एवढं एक मराठी वाक्य पक्कं शिकवलं.

मग बाबा गेले. मी गावी गेले, दिवस झाल्यावर परत आले, आणि काही महिन्यांनी आईला सहा महिन्यांच्या व्हिसावर घेऊन आले.

आईबद्दल एक सांगायचं राहिलं. गावातल्या बायकांच्या भजनी मंडळाची ती प्रमुख. आवाज असा की स्पीकरवाला तिच्यासमोरचा माईक काढून घ्यायचा. आणि चालींची मोठी हौस. लग्नातल्या बँडची, रेडिओवरच्या जाहिरातीची, आइस्क्रीमच्या गाडीची, कुठलीही चाल कानावर पडली की आठवड्याभरात तिच्यावर आमच्या ग्रामदैवताचं, भैरीचं, भजन बसलेलं असायचं. बाबा गेले त्या दिवसापासून ती गायली नव्हती. गुणगुणलीसुद्धा नव्हती. आमच्याकडे आल्यावर रेडिएटरला पाठ लावून बसायची आणि कुजबुजत बोलायची. "भिंतीपलीकडे माणसं राहतात ना गो तुझ्या," म्हणायची. मी म्हटलं, "आई, एकदा म्हण ना काहीतरी." ती म्हणाली, "म्हणेन हं." ऑक्टोबर गेला, डिसेंबर गेला. परतीचं तिकीट मार्चअखेरीचं होतं. ही माझ्याकडून अशीच मुकी परत जाणार आणि मुकीच राहणार, या धास्तीने मला झोप लागेनाशी झाली.

फेब्रुवारीत एका शनिवारी तन्वी घरी आली. ती इथल्याच युनिव्हर्सिटीत शिकते आणि तिथल्या स्टुडंट्सच्या बँडमध्ये मोठा ड्रम वाजवते. "आजी," ती म्हणाली, "नेक्स्ट वीक माझा मॅच आहे. म्हणजे मी खेळत नाही, आपला बँड आहे. इट्स अ बिग डील. तू येशील?"

"तुझा मॅच?" आई म्हणाली. लिंग सुधारायचा तिला मोह झाला असणार, पण ती म्हणाली, "येईन की."

मी इतकी वर्षं इथे राहून फुटबॉलच्या मैदानात कधी पाऊल टाकलं नव्हतं. मला वाटलं, कॉलेजची मुलं आहेत, बँड आहे, म्हणजे स्नेहसंमेलनासारखं काहीतरी असेल. आईला नऊवारीखाली दोन थर्मल, पायात तन्वीचे जुने ट्रेनर्स, वरून विनयचा पार्का, म्हणजे टोपीवाला जाड कोट, असं बांधून आम्ही नेलं. समोर दुसऱ्या युनिव्हर्सिटीची मुलं. ट्रम्पेट वाजले, तन्वीने ड्रमवर टिपरू घातलं, आणि माझ्या आजूबाजूच्या शेकडो सभ्य मुलामुलींनी एका सुरात तोंड उघडलं.

मला आधी वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मग दुसरं कडवं आलं. दारं धरून ठेवणारी, थँक यू म्हणून बसमधून उतरणारी ही मुलं, आणि रेफ्रीचा जन्म कुठे, कसा आणि कोणत्या प्राण्याच्या कृपेने झाला ते यमकात सांगत होती. अभिनयासकट.

"काय म्हणतायत गो?" आईने विचारलं.

काच वर करायला तिथे काच नव्हती. मी म्हटलं, "रेफ्रींना नीट दिसत नाही, डोळे तपासून घ्या, असं म्हणतायत."

"आणि हे हात कशाला असे करतायत?"

"डॉक्टर कुठे बसतो ते दाखवतायत."

आईने मान डोलावली. मग समोरच्या गोलकीपरची पाळी आली. ते गाणं सगळ्यात रंगलं. शेवटी दोन टाळ्या, एक आरोळी, आणि पुन्हा पहिल्यापासून.

"आता?"

"गोलकीपरच्या आईची चौकशी करतायत."

"किती आपुलकीने करतायत," आई म्हणाली. "आजारी असते का ती?"

"हो, बहुतेक," मी म्हटलं आणि विनयकडे पाहिलं. विनय लांबच्या एका झाडाकडे फार लक्ष देऊन बघत होता. मी परत वळले तेव्हा आईचा पाय हलत होता. ट्रेनरच्या टाचेने ठेका धरला होता. पुढच्या खेपेला दोन टाळ्या आल्या तेव्हा पार्काच्या लांब बाह्यांतून तिचे हात बाहेर आले आणि बरोबर ठेक्यावर पडले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी मफलर वर ओढला.

दोन दिवसांनी मी कामावरून आले तर स्वयंपाकघरातून आवाज येत होता. आई भाकरी थापत होती आणि गात होती. माईक लागू नये असा तोच आवाज. भैरीदेवाला ती अंगणात बोलावत होती, आणि चाल गोलकीपरच्या आईची होती. जिथे मैदानात ती बिचारी बाई यायची, तिथे आता आमची जाखमाता आली होती. दोन टाळ्या होत्या तशाच, पिठाच्या हातांनी.

मी तन्वीला फोन केला. तिला हसताना श्वास लागला. "ओ माय गॉड, आई. तू तिला सांगणार नाही ना?"

सांगू कशी? सांगितलं तर ती शरमेने मेल्याहून मेल्यासारखी होणार, देवाची माफी मागणार आणि पुन्हा रेडिएटरला पाठ लावून बसणार. न सांगावं तर माझी आई रोज सकाळी आंघोळ करून, उदबत्ती लावून ते गाणार. आम्ही तिघांनी ठरवलं, गप्प बसायचं. घरातल्या घरात तर आहे.

घरातल्या घरात राहिलं नाही. मार्चात आमच्या मराठी मंडळाची होळी आली. होळी एका कम्युनिटी हॉलमध्ये असते. हेल्थ अँड सेफ्टीमुळे लाकडं नाहीत, आग नाही. टिश्यू पेपरच्या ज्वाळा आणि आत बॅटरीचे दिवे. बोंबलायचं नाही, कारण हॉलशेजारी घरं आहेत. अशा त्या होळीला प्रदक्षिणा झाल्यावर सेक्रेटरीबाई माईकवर म्हणाल्या, "काकू मुक्कामी आल्या आहेत, त्या आपल्याला भजन म्हणून दाखवतील."

मी उठेपर्यंत आई उभी राहिली होती. माईक तिने बाजूला केला.

पहिली ओळ झाली तेव्हा मोठी मंडळी भक्तीने डोलायला लागली. दुसऱ्या ओळीला मागच्या खुर्च्यांवरची कॉलेजातली मुलं एकमेकांकडे बघायला लागली. तिसऱ्या ओळीला एक मुलगा खुर्चीखाली गेला. चहाच्या पिंपापाशी हॉलचा केअरटेकर उभा होता, साठीचा, आडदांड. त्याचा हात नळावरच राहिला, कप भरून वाहायला लागला. आणि जाखमातेच्या जागी आल्यावर त्याला राहवेना. त्याने मूळ शब्द म्हटले. खणखणीत. मागून सगळी मुलं टाळ्यांत सामील झाली, आणि पुढे बसलेले आजी-आजोबा कौतुकाने म्हणत होते की बघा, इथे जन्मलेल्या मुलांनासुद्धा भजनाची किती गोडी आहे.

संपल्यावर केअरटेकरने येऊन आईचे दोन्ही हात हातात घेतले. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "बेस्ट थिंग आय हॅव एव्हर हर्ड इन हिअर, मी डक," तो म्हणाला. मी डक, म्हणजे माझं बदक, हे नॉटिंगहॅमचं 'बाय माझी'.

गाडीत बसलो आणि मी गाडी काढली. मग आई म्हणाली, "त्या माणसाला शब्द येत होते वाटतं."

मी गाडी कडेला घेतली आणि सांगून टाकलं. रेफ्री, डोळे, डॉक्टर, सगळं. "आई, मी खोटं बोलले. ते भजन नव्हतं गं. शिव्या होत्या. तू गायला लागलीस म्हणून मला सांगवेना."

आई समोर बघत होती. मागच्या सीटवरून तन्वी पुढे झुकली.

"मग त्या गोलकीपरच्या आईला," आई म्हणाली, "आता बरं आहे का?"

मी तिच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा बाबांसारखा गंभीर होता. ओठ तेवढे हलत होते.

"तुला माहीत होतं?"

"अगो, ते स्वतःच ओरडून सांगत होते की! दर ओळीला फाका, फाका म्हणून." तन्वी मागे किंचाळली. आई म्हणाली, "शिमगा ओळखायला मला इंग्रजी कशाला हवं? पण लेकीसमोर कसं बोलायचं? म्हटलं, मला कळतंय हे तिला कळत नाहीय तर बरंच आहे."

"मग लहानपणी खिडकी का लावायचीस?"

"तुम्हा पोरांसाठी. मी फट ठेवायची. फाका तुझ्या बाबांच्या असायच्या त्या. मास्तर ना, स्वतः ओरडता यायचं नाही. आदल्या दिवशी पडवीत बसून रचून द्यायचे. सरपंचाचं धोतर त्यांचंच. त्या दिवशी मैदानात मला वाटलं, आता पुढची ओळ हेच सांगणार."

ती रडली, बाबा गेल्यानंतर माझ्यासमोर पहिल्यांदाच, मोठ्याने. मीही रडले. मग नाक पुसून ती म्हणाली, "इतकी वर्षं मला घोर होता. तिकडची माणसं इतकी सभ्य, माझी पोर कुठे परक्यात जाऊन पडली. तसं नाहीय काही. आपल्यासारखीच आहेत." आणि तिने स्वतःच्या बाजूची काच खाली केली.

याला वर्ष झालं; आता ती गावी आहे. परवा आमच्या अंगणात पालखी आली तेव्हा तिने मला फोन लावला आणि फोन खिडकीत धरला. खिडकी सताड उघडी होती. ढोल सुरू झाले आणि मी ताठ बसले, कारण चाल तन्वीच्या बँडची होती, दोन टाळ्यांसकट. मग अख्खी वाडी ओरडली:

"मास्तरांची लेक गेली विलायतेला,
सॉरी म्हणते बाय माझी दाराच्या कडीला!"

पुढची ओळ इथे लिहिण्यासारखी नाही.

इतक्या वर्षांनी गावात माझ्या नावाची फाक पडली होती. मी नॉटिंगहॅमच्या स्वयंपाकघरात उभी राहून खळ्यातून पाणंदीपर्यंत जाईल असं हसले. भिंतीपलीकडे शेजारीण ऐकत असणार. ऐकू दे. मला वाटतं, जिथे आपल्याला कोणी नावानिशी शिव्या घालायला विसरलेलं नाही ते आपलं घर, आणि जिथे त्या ऐकून मोठ्याने हसता येतं तेही.

"आई," मी म्हटलं, "रचली कोणी?"

"मला काय माहीत," आई म्हणाली. "मी आपली देवाचं नाव घेत होते."